मौनी रंगसाधक : कै. वासुदेव गायतोंडे

जुन्या संस्थानी शहरांतील मराठी घरांत दिवाणखान्यात दोन प्रकारची चित्रे हमखास आढळतात. एक, रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती. दुसरे, पगडी-उपरण्यातील पणजोबांचे तैलचित्र. काचेला तडा गेला तरी ती भिंतीवरून उतरत नाहीत, आणि उतरूही नयेत. परंतु या चित्रांच्या सहवासात वाढल्यामुळे आपली एक समजूत पक्की झाली आहे, की चित्र म्हणजे कोणाचे तरी किंवा कशाचे तरी असावयास हवे. अशा समजुतीच्या माणसाला गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभे केले, की हे आहे तरी काय, असे तो विचारतो. आणि उत्तर मिळाले नाही म्हणजे किंचित रागावतो. त्या रागात नवल नाही. मात्र हाच माणूस संध्याकाळी गाण्याच्या बैठकीत बसून अर्धा अर्धा तास शब्दावाचूनचा आलाप ऐकतो. तेथे मात्र हा यमन कोणाचा, किंवा या गंधाराचा अर्थ काय, असे तो कधी विचारीत नाही. कानाला जे आपण इतक्या सहजपणे देऊ केले ते डोळ्याला देताना आपला हात का आखडतो, हे कोडे मला पुष्कळ दिवस पडलेले आहे. गायतोंड्यांचे चरित्र लिहावयास घेतले ते त्यामुळेच.

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे. बालपण आणि तरुणपण मात्र मुंबईच्या गिरगावात, चाळीच्या दाटीवाटीत गेले. गिरगावच्या चाळी म्हणजे नाटक, गाणे, गणेशोत्सव आणि भांडणे यांचे एकत्र माहेरघर. दिवसभर आवाज, आणि आवाज थांबला की शेजाऱ्याच्या खोकल्याचा आवाज. पुढे ज्या माणसाने आयुष्यभर शांतता रंगविली तो अशा जागी वाढला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सर जे. जे. कलाशाळेतून १९४८ साली त्यांनी पदविका मिळविली. त्या काळी जे. जे.मध्ये अहिवासी मास्तरांच्या भारतीय चित्रपद्धतीच्या वर्गाचा मोठा दबदबा होता. पाश्चात्त्य पद्धतीची छायाप्रकाशाची कसरत बाजूला ठेवून सपाट रंग आणि सलग रेषा यांनी चित्र कसे बांधावे हे तेथे शिकावयास मिळे. गायतोंड्यांची आरंभीची चित्रे पाहिली तर जैन पोथ्यांतील आणि पहाडी कलमातील चित्रांचे संस्कार त्यांत स्वच्छ दिसतात. त्यांत माणसे आहेत, पक्षी आहेत, रंग उजळ आणि सपाट आहेत. तात्पर्य, आकार काढता येत नव्हते म्हणून त्यांनी ते सोडले, असे कोणी म्हणत असेल तर तो गैरसमज होय. पाच-सहा वर्षे चीजा नीट बसवून घेतलेल्या गवयानेच मग आलापी वाढवावी, तसा हा प्रकार आहे.

१९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला होता. १९५० मध्ये गायतोंडे त्यात आमंत्रणावरून सामील झाले. ते त्या मंडळाचे म्हणून ओळखले जातात खरे, पण जाहीरनामे, वाद आणि आरडाओरडा हा त्यांचा पिंड नव्हता. सूझा लंडनला आणि रझा पॅरिसला गेले. गायतोंडे मुंबईत राहून स्वित्झर्लंडच्या पॉल क्ले या चित्रकाराची चित्रे न्याहाळीत बसले. क्लेच्या चित्रात रेष कोणत्याही वस्तूची चाकरी न करता आपल्याच मौजेने चालते. ती गोष्ट त्यांना भावली. आणि मग हळूहळू, एकेक चित्र करीत, १९५७-५८ च्या सुमारास माणूस, पक्षी, घर हे सारे त्यांच्या चित्रांतून निघून गेले ते पुन्हा परत आले नाही. १९५७ सालीच तोकिओ येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले.

या काळात त्यांचे काम चाले ते वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई यांच्या नावाच्या संस्थेत. ती वास्तू आज उरलेली नाही. परंतु एके काळी तिच्या छताखाली चित्रकार, नाटकवाले आणि गाणारे-वाजविणारे शेजारी शेजारी काम करीत. पंडित रविशंकर यांची किन्नर ही संगीतशाळा तेथेच होती, अल्काझींच्या नाट्यशिक्षणाच्या तालमी तेथेच चालत. खालच्या खोलीत सतार लागते आहे आणि वरच्या खोलीत एक माणूस कोऱ्या कॅनव्हासकडे नुसता पाहत बसला आहे, असे चित्र मी पुष्कळदा मनाशी रंगविले आहे. संगीताचा त्यांना मनापासून शौक होता, आपलेही आणि पाश्चात्त्यही. नसरीन मोहमदी ही पुढे नावारूपास आलेली चित्रकर्ती त्याच वास्तूत त्यांच्या सहवासात आली.

आता त्यांच्या कामाच्या रीतीकडे वळतो. या विषयावर जरा सविस्तर लिहावेसे वाटते, कारण गायतोंड्यांविषयी बोलताना लोक झटकन ध्यान, अध्यात्म आणि शून्य असल्या मोठ्या शब्दांत शिरतात व हाताने काय केले हे सांगावयाचेच राहून जाते.

त्यांची हत्यारे अगदी साधी होती. घराच्या भिंतीला रंग देताना वापरतात तसला रोलर, रंग खरवडण्याची पट्टी, आणि जुनी वर्तमानपत्रे व मासिके. कुंचल्याचे महत्त्व त्यांनी फार लवकर कमी केले. त्याचे कारण मला एका अगदी निराळ्या ठिकाणी उमगले. हुबळीजवळ तारिहाळ येथे औद्योगिक वसाहत आहे. माझा एक शिष्य तेथे एका कारखान्यात पत्र्याच्या सामानाला रंग देण्याचे काम करतो व सुटीच्या दिवशी ख्याल शिकावयास येतो. कुंचल्याचा केस रंगावर आपली रेघ सोडतो, हाताचा भार कोठे पडला व कोठे हलका झाला ते त्यात उमटते. रोलरने मात्र रंगाचा पातळ थर सर्वत्र सारखा बसतो, त्यात रंगविणाऱ्याची सही राहत नाही, असे त्याने मला समजावून दिले. आणखीही एक गोष्ट त्याने सांगितली. खालचा थर अर्धवट ओला असताना वरून रोलर फिरविला, तर तो खालचा रंग उचलतो आणि डाग पडतात. कारखान्यातला कामगार हे टाळण्यासाठी जपतो. गायतोंडे नेमके तेच घडावे म्हणून वाट पाहत. तैलरंग हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होतो. त्याला दिवसच्या दिवस लागतात. थर किती ओला आहे, किती सुकला आहे, आता वरून काय दिले तर खालचे किती वर येईल, हा सारा हिशेब त्यांना करावा लागे. एक थर द्यावयाचा, थांबावयाचे, पट्टीने थोडा खरवडावयाचा, पुन्हा पातळ रंग फिरवावयाचा. शेवटी जे दिसते ते वरच्या थराचे नसते. खालून झिरपत आलेला उजेड वरच्या रंगाला आतून पेटवितो.

पुढील काळात यात वर्तमानपत्राच्या कागदाची भर पडली. कागदाचे तुकडे फाडावयाचे किंवा कापावयाचे, त्यांना रंग लावावयाचा, ते कॅनव्हासवर दाबून मग उचलावयाचे. मागे आकार उरतो; पण तो काढलेला आकार नव्हे, उमटलेला आकार होय. कोठे कडा तीक्ष्ण, कोठे पुसट. कोठे कागदाने तेल पिऊन घेतल्यामुळे रंग कोरडा आणि खरबरीत, तर कोठे दाट. वाचक हा मजकूर ज्या कागदावर वाचीत आहेत तसाच तो कागद, सायंकाळी ज्यात शेंगदाणे बांधून मिळतात तो. त्यातून पाण्याखालच्या लेण्यांसारखे, कोणत्याही लिपीत न बसणाऱ्या अक्षरांसारखे, मेघांच्या किंवा दगडांच्या रांगांसारखे काहीतरी वर येते आणि तसेच अधांतरी राहते.

तंबोरा ज्याने लावला आहे त्याला हे परके वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली आपण सुताचा एक धागा सरकवितो. त्या धाग्याची किंमत काहीच नाही. धोतराच्या दशीतूनही तो निघतो. पण तो नेमक्या जागी बसला, की जवारी खुलते आणि मुक्या वाटणाऱ्या तारेतून नादाचा झोत सुटतो. तंबोऱ्यावर गंधाराची तार नाही. चारही तारा पंचम आणि षड्ज यांच्याच असतात. तरी त्या उत्तम मिळाल्या, की गंधार आपोआप बोलू लागतो. त्याला जाणते लोक स्वयंभू गंधार म्हणतात. गवयाने तो लावलेला नसतो. त्याने फक्त तो यावा अशी परिस्थिती निर्माण केलेली असते, आणि येईपर्यंत थांबण्याची चिकाटी ठेवलेली असते. गायतोंड्यांच्या चित्रांतील आकार मला या गंधाराच्या जातीचे वाटतात. आमच्या वडिलांची दरबारातील नोकरी संस्थान विलीन होण्यापूर्वीची. मैफलीच्या अगोदर तासभर ते नुसता तंबोरा लावीत असत. नव्या मंडळींना हा वेळेचा अपव्यय वाटतो. गायतोंडे वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे पुरी करीत. उरलेला वेळ कॅनव्हाससमोर बसून पाहण्यात जाई, आणि तो त्यांच्या लेखी कामाचाच वेळ होता.

त्यांची चित्रे अमूर्त आहेत असे आपण म्हणतो. त्यांना स्वतःला तो शब्द मान्य नव्हता. अमूर्त म्हणजे मूर्त वस्तूतून काढून घेतलेले, आणि आपण कोणत्याही वस्तूतून काही काढून घेतच नाही, अशी त्यांची भूमिका होती. वस्तुविरहित अशी संज्ञा त्यांना अधिक जवळची वाटे. हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. पावसाचे वर्णन करणारी चीज मल्हारात असते. पण मल्हार स्वतः पावसातून काढलेला नाही, तो स्वरांतून उभा राहतो.

१९६३ मध्ये मॉरिस ग्रेव्हज हा नामांकित अमेरिकन चित्रकार हिंदुस्थानात आला असता त्याने गायतोंड्यांचे काम पाहिले आणि तो इतका भारावून गेला, की न्यूयॉर्कमधील एका चित्रदालनाच्या चालकाला त्याने पत्र लिहून या अनोळखी चित्रकाराची मुक्त कंठाने वाखाणणी केली. १९६२ सालचे त्यांचे एक चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. १९६४ मध्ये रॉकफेलर निधीची शिष्यवृत्ती मिळून ते स्वतः न्यूयॉर्कला गेले. तेथे रॉथको आदी चित्रकारांची मोठमोठी रंगक्षेत्रे त्यांना पाहावयास मिळाली. यावरून गायतोंडे म्हणजे हिंदी रॉथको असे म्हणण्याची एक फॅशन पडली आहे. मला ती मुळीच पटत नाही. ते अमेरिकेस गेले तेव्हा वस्तू सोडून त्यांना सहा-सात वर्षे होऊन गेली होती. आपल्या माणसाची थोरवी परक्या मापाने मोजल्याखेरीज आपल्याला चैन पडत नाही, हेच त्याचे कारण असावे.

परत आल्यावर एक बदल मात्र ठळकपणे दिसतो. १९६८ च्या सुमारासपासून त्यांनी आडवा कॅनव्हास टाकून दिला आणि यापुढे उभाच घेतला. आडव्या चित्रात नकळत क्षितिज येते. क्षितिज आले की समुद्र आला, आकाश आले, देखावा आला. पाहणाराही खिडकीतून पाहावे तसा बाहेर राहतो. उभ्या चित्रासमोर तो माणसासमोर माणूस यावा तसा येतो, आणि थोड्या वेळाने आपण रंगाच्या बाहेर आहोत की आत हे त्याला सांगता येत नाही. पिवळा, राखी, गेरूचा तांबडा, कधी गर्द हिरवा असा एकच रंग घेऊन त्याच्याच शंभर छटांत ते चित्र बांधीत. एका रागाला रात्रभर पुरविणारे गवई आपण पाहिले आहेत. एका रंगाला वर्षभर पुरविणारा हा एक.

विचारांच्या बाबतीत त्यांची बैठक कोणती, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जपानी झेन पंथाची पुस्तके त्यांच्या वाचनात होती. रमण महर्षी आणि जे. कृष्णमूर्ती यांच्याकडे त्यांचा ओढा होता. खेतवाडीत विडीचे दुकान चालविणारे, गिरगावकरांना परिचित असलेले निसर्गदत्त महाराज यांच्याविषयीही त्यांना आदर होता. पण टिळा, माळ, मठ यांपैकी काहीच त्यांच्याकडे नव्हते. चित्रांना नावे देण्याचेही त्यांनी सोडून दिले. नाव दिले, की पाहणारा चित्र सोडून नाव पाहतो.

१९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७२ च्या सुमारास ते मुंबई सोडून दिल्लीला गेले. निजामुद्दीन पूर्व भागात गच्चीवरची एक खोली, दिल्लीकर तिला बरसाती म्हणतात, एवढेच त्यांचे घर आणि तेवढीच कार्यशाळा. तेथे ते एकटे राहिले. लग्न केले नाही, शिष्यशाखा वाढविली नाही, सभा-समारंभांना जाणे नाही. राम कुमार, कृष्ण खन्ना, हुसेन, बाळ छाबडा अशी थोडी स्नेही मंडळी होती. आप्तस्वकीयांशीही पुढे फारसा संबंध उरला नाही. गृहस्थाश्रमी माणूस म्हणून मला हे वागणे सोपे वाटत नाही, आणि प्रत्येक कलावंताने असेच राहावे असे तर मी मुळीच म्हणणार नाही. संसार करून, मुलांच्या शाळेची फी भरून उत्तम गाणारे मी पाहिले आहेत. परंतु त्यांनी त्याचे कधी भांडवल केले नाही, हेही तितकेच खरे. एकांताची त्यांनी कोणाजवळ तक्रार केली नाही आणि त्याचा तोराही मिरविला नाही.

१९८४ मध्ये मात्र खरी कसोटी आली. अपघात होऊन त्यांना जबर दुखापत झाली. मोठा कॅनव्हास म्हणजे शरीरश्रम. रोलर ओढावयाचा, पट्टीने दाबून खरवडावयाचे, मागे सरून पाहावयाचे, पुन्हा पुढे यावयाचे. हे सारे बंद पडले. गळा बसलेल्या गवयाची अवस्था ज्याने जवळून पाहिली आहे त्याला या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगावयास नको. साठीला आलेला माणूस, एकटा, परक्या शहरात, आणि ज्या एका कामासाठी बाकी सगळे सोडले ते कामच हातून गेलेले. अशा वेळी पुष्कळ जण आठवणी लिहितात, मुलाखती देतात किंवा कडवट होतात. गायतोंड्यांनी लहान कागद आणि शाई घेतली. १९८५ ते १९८७ या काळात त्यांनी केलेली काळ्या शाईची कामे आज आपल्यासमोर आहेत. रंग नाही, थर नाहीत, वाट पाहणे नाही. पांढऱ्यावर काही खुणा, जणू लिहावयाचे आहे पण भाषा कोणतीच नको आहे. मोठी मैफल होत नाही, तर पहाटे खर्ज लावून बसावे तसे हे काम. कित्येक जाणते ही कागदावरची कामे दुय्यम मानतात. मला त्यांचे मोल फार वाटते, कारण काहीही न बोलता एक माणूस आपली साधना कशी तुटू देत नाही हे त्यांत उघड दिसते.

दशकाच्या अखेरीस ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. १९८९ च्या सुमारास मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान त्यांना मिळाला. १९९० नंतरची चित्रे संख्येने थोडी. पण त्यांत एक निराळा मोकळेपणा आला आहे. पूर्वीचा दाटपणा विरळ झाला, आकार कमी झाले, उजेड वाढला. काही वर्षांनी हेही काम थांबले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी वर्तमानपत्रांनी त्याची म्हणावी तशी दखल घेतली नाही.

त्यानंतरची कथा वेगळीच आहे. २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या एका लिलावात त्यांचे १९७९ सालचे चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांस गेले. २०१४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन भरविले. ते पुढे व्हेनिसलाही गेले. मराठीत 'चिन्ह'ने २०१६ साली त्यांच्यावर मोठा ग्रंथ काढला. २०२५ च्या सप्टेंबरात १९७० सालच्या एका चित्राने ६७ कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला. आता हे आकडे ऐकून पुष्कळ लोक गायतोंड्यांचे नाव आदराने घेऊ लागले आहेत. आदर वाढला हे बरेच झाले. पण तो आकड्यांना आहे की रंगाला, याची शंका येते. चाळीत वाढलेल्या आणि एका खोलीत राहिलेल्या या माणसाच्या हयातीत अशी रक्कम कोणी ऐकलीसुद्धा नव्हती.

त्यांची चित्रे पाहावयाची तर दिल्लीस राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. मुंबईस कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. होमी भाभांच्या वेळेपासून जमविलेल्या चित्रांत गायतोंडे आहेत, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहातही आहेत. छापील प्रतीवर विसंबू नये. थरांतून येणारा उजेड छापखान्याच्या शाईत उतरत नाही. जाताना घाईच्या मंडळींना बरोबर नेऊ नये. चित्रासमोर प्रथम दोन-तीन मिनिटे काहीच दिसत नाही. तंबोरा लागेपर्यंत जितका वेळ आपण देतो तितका द्यावा.